दोन खिडक्या आणि एक छत्री

विमानात खिडकीची कोणती जागा घ्यावी, या एका प्रश्नापायी आमच्या दुकानात अकरा दिवस काम बंद होतं. म्हणजे दार उघडं होतं, गिऱ्हाइकं येत होती, पण काचेला कुणी हात लावत नव्हतं. आम्ही काचेवर रंगवणारी माणसं. दवाखान्याच्या दारावर डॉक्टरांचं नाव, न्हाव्याच्या काचेवर कात्री, वकिलाच्या खिडकीवर तराजू, हे सगळं आमच्याकडून जातं. दुकानाचे मालक दोन, काका आणि बाबा. कामगार एक, ती मी. वय तीस, हात चांगला, राग नाकाच्या शेंड्यावर, असं माझं वर्णन आई करते. त्यात खोटं काही नाही.

झालं असं की एका हॉटेलवाल्याने आम्हाला दुसऱ्या शहरात बोलावलं. काचेची बहात्तर दारं रंगवायची होती. रंग इथे मिळेल, तुम्ही फक्त ब्रश घेऊन विमानाने या, तिकिटं मी काढतो, असं तो म्हणाला. जागा मात्र तुमच्या तुम्ही निवडा, म्हणाला. आमच्या घरात तोवर छपरापेक्षा उंच कुणी गेलेलं नव्हतं. मी फोन ठेवून बातमी सांगितली तेव्हा काकांनी हातातला ब्रश चहाच्या कपात बुडवला, तोच चहा एक घोट प्यायले आणि म्हणाले, "छत्री दिसेल."

 बाबांनी उगाच एक स्वच्छ काच पुसायला घेतली.

छत्रीचं सांगायला हवं. विमानतळाच्या कुंपणाला लागून छत्र्यांचा कारखाना आहे. रोज एवढी विमानं डोक्यावरून जातात, तर छपरावर एक भली मोठी छत्री रंगवून घ्यावी, म्हणजे वरून लोक बघतील, असं बावीस वर्षांपूर्वी त्याच्या मालकाच्या डोक्यात आलं. ते काम काका-बाबांनी घेतलं. छप्पर पत्र्याचं, दोन उतारांचं. मधल्या कण्यावर छत्रीची दांडी, एका उतारावर अर्धी छत्री काकांची, दुसऱ्या उतारावर अर्धी बाबांची. एका उतारावरून दुसरा दिसत नाही आणि खालून तर काहीच दिसत नाही. म्हणजे अख्खी छत्री आजवर फक्त विमानातल्या लोकांनी पाहिलेली, आणि त्यातल्या एकाशीही आमची ओळख नाही. इंटरनेटवरच्या नकाशात मी शोधून पाहिलं होतं. त्यात विमानतळ दिसतो, नदी दिसते, कुंपणापाशी झोपलेला कुत्रासुद्धा दिसतो असं मला वाटतं, पण कारखान्यावर नेमका ढग आहे.

दुकानात काकांचा कायदा असा की मापाशिवाय रेघ मारायची नाही. ते चिठ्ठीवर मापं लिहून देतात आणि बाकीच्यांनी त्याबरहुकूम चालायचं. छत्रीच्या वेळीही त्यांनी एकसारख्या दोन चिठ्ठ्या लिहिल्या होत्या, एक स्वतःला आणि एक बाबांना. तेव्हापासून नवं गिऱ्हाईक आलं की काका ही गोष्ट ऐकवतात. दोन भाऊ, दोन उतार, एकमेकांचं तोंड दिसत नाही, पण माप एक म्हणून छत्री एक. सांगताना ते बाबांकडे बघतात, आणि बाबांना नेमकं तेव्हाच आत काहीतरी काम निघतं. आता तो कारखाना विकला गेला होता. पुढच्या महिन्यात पत्रे उतरवणार होते. छत्री बघायची तर हीच वेळ होती, आणि त्यासाठी विमानाची बरोबर बाजू हवी होती.

मग काय, दुकानाने नुसता जोर धरला. सकाळची विमानं कुठून कशी उडतात हे बघायला आम्ही तिघं रोज गच्चीवर जाऊन उभे राहायला लागलो. काका घड्याळ घेऊन, बाबा दोरी घेऊन, मी वही घेऊन. दोरी कशासाठी होती ते मला आजही माहीत नाही. वारा उलटा असला तर विमान उलट्या बाजूने उडतं, असं विमानतळावरच्या एका अग्निशमनवाल्याने सांगितलं, तेव्हा दोघांच्या तोंडचं पाणी पळालं. पण आठ सकाळी आठही विमानं नदीला एका हाताला आणि कारखान्याला दुसऱ्या हाताला ठेवून उडाली. प्रश्न एवढाच उरला की कोणत्या हाताला कोण.

तो सोडवायला मी दुकानात नकाशा काढला. कागद संपले होते म्हणून एका मोठ्या काचेवर काढला. धावपट्टी, नदी, कारखाना, आणि विमानाचा बाण. मग आम्ही तिघं काचेपाशी उभे राहिलो, जसे रोज कामाला उभे राहतो तसे, आणि विमानात बसल्याची कल्पना केली. कारखाना उजव्या हाताला येत होता. काकांनी तपासलं, उजवा. बाबांनी तपासलं, उजवा. मी परत परत तपासलं, दर वेळी उजवा. एवढं एकमत आमच्याकडे वर्षानुवर्षं झालं नव्हतं.

तेवढ्यात आई आली. आई शाळेच्या मुलांची गाडी चालवते आणि रस्त्यावर कुणाचं ऐकत नाही. तिने दारातूनच काचेकडे बघितलं आणि कारखाना डाव्या हाताला आहे असं सांगून टाकलं. आम्ही हसलो. काका फार प्रेमाने म्हणाले की अगं, गाडी वेगळी आणि विमान वेगळं. आई म्हणाली की डावा हात दोन्हीकडे डावाच असतो, आणि डब्याची पिशवी ठेवून निघून गेली. तिला बिचारीला विमानातलं काय कळणार, असं आम्ही ठरवलं. त्या विमानात आमच्यातलंही कुणी कधी बसलं नव्हतं, हे कुणाला आठवलं नाही.

विमान लहान होतं. दोन जागा इकडे, दोन तिकडे, मधे वाट. उजवीकडची खिडकी म्हणजे डी. पण एका खिडकीत दोन भाऊ कसे बसवणार? कुंपणापर्यंत काकांनी बघायचं आणि कुंपणानंतर बाबांनी, असाही एक तोडगा निघाला आणि मोडला. शेवटी मी दोघांना एकामागे एक खिडक्या घेतल्या, चौदा डी आणि पंधरा डी. चौदा कुणाला, यावर मात्र बाबा हटूनच बसले. मलाच पुढची हवी, म्हणाले. एरवी काकांच्या आधी जेवायला न बसणारा हा माणूस. काकांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि बरं म्हणाले. मी चौदा सी घेतली, बाबांच्या शेजारी.

निघायच्या दिवशी दोघं इतके हवेत होते की विमानाची गरजच नव्हती. काकांनी नवा शर्ट घातला होता आणि त्याची टाचणी काढायची राहिली होती, ती विमानतळाच्या तपासणीत ओरडली. माझ्या पिशवीत साठ ब्रश निघाले. तपासणाऱ्या बाईंनी एकेक ब्रश उचलून पाहिला आणि हे कशाला म्हणून विचारलं. हे लांडोर शेपूट, हे बोका, हे म्हातारीची भुवई, असं काका त्यांना एकेकाचं टोपणनाव सांगायला लागले. मागे रांग तुंबली. मला लाज वाटली असती, पण मला स्वतःलाच पोटात गुदगुल्या होत होत्या. मी दोनदा बोर्डिंग पास काढून माझं नाव वाचलं आणि दोन्ही वेळा मीच निघाले.

तेव्हा बाबांनी माझी बाही ओढली. त्यांचा पट्टा ट्रेमधून पुढे गेला होता, त्यामुळे एका हातात पँट होती.

"ऐक," ते म्हणाले, "मी ती छत्री मोजून काढलेली नाही."

मला आधी समजलंच नाही. मग त्यांनी रांगेतल्या रांगेत, पँट सावरत, सगळं सांगितलं. त्या दिवशी छपरावर चढल्या चढल्या त्यांची चिठ्ठी वाऱ्याने उडाली. कणा ओलांडून काकांकडे गेले असते तर दोन मिनिटांत मापं मिळाली असती. पण सकाळीच कसल्या तरी दोरीवरून दोघांचं वाजलं होतं आणि बाबांना नाक खाली करायचं नव्हतं. मग त्यांनी अख्खी अर्धी छत्री नुसत्या नजरेने काढली. खालच्या कडेला येईपर्यंत पत्रा संपत आला, तेव्हा त्यांनी रेघ वर वळवली. छत्रीची कड खाली झुकायला हवी, यांची वर उचलली गेली. संध्याकाळी काकांनी विचारलं, मापात काढलीस ना? हे म्हणाले, हो.

"तो माझ्याशी आयुष्यात खोटं बोललेला नाही," बाबा म्हणाले. "मी एकदाच बोललो आणि तेच तो बावीस वर्षं गावाला सांगत सुटलाय."

काका एकोणीस वर्षांचे असताना आजी-आजोबा गेले. बाबा तेव्हा अकरा वर्षांचे. काकांनी त्यांना वाढवलं, ब्रश धरायला शिकवलं, त्यांचं लग्न लावून दिलं आणि स्वतःचं करायचं राहून गेलं. म्हणजे बाबा घाबरले होते ते कुणा दुकानाच्या भागीदाराला नव्हे. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की छत्री आधी आपल्याला दिसली पाहिजे. जुळत असली तर गप्प बसायचं. जुळत नसली तर काकांना दिसायच्या आत तोंडाने सांगून मोकळं व्हायचं. चौदावी रांग पंधरावीच्या आधी तिथे पोचते, तेवढ्या वेळात बावीस वर्षांचं सांगून होईल असा त्यांचा हिशेब होता. मला हसू आलं आणि मग त्यांचा चेहरा बघून रडूही येईल असं वाटलं.

विमानात बसलो. बाबांनी खिडकीला नाक लावलं. मागून काकांनीही लावलं असणार, कारण सेविकेने येऊन दोन्ही काचा कपड्याने पुसल्या. वाटेपलीकडे, चौदा ए मधे, एक बाई बसल्या होत्या. त्या दातांच्या डॉक्टर होत्या. हे मला कळलं कारण त्या फोनवर कुणालातरी, दुखत नसलं तरी त्या बाजूने चावू नका, असं दरडावून सांगत होत्या. मग त्यांनी फोन बंद केला, खिडकीची झडप खाली ओढली, शेजारच्या रिकाम्या जागेवर पर्स ठेवली आणि डोळे मिटले. अशी खिडकी मिळून झोपणाऱ्या माणसाचा मला मनापासून राग आला.

विमान हळूहळू धावपट्टीकडे निघालं. वळलं. बाबा म्हणाले, "आपल्याकडे नदी का आली?"

मी वाकून पाहिलं. नदीच होती. सकाळच्या उन्हात चमकत होती आणि आमच्या खिडकीत अगदी मधोमध होती. मागून काकांचा आवाज आला की नदी चुकीच्या बाजूला आहे.

आणि मग मला ती काच आठवली. आम्ही काचेच्या मागून रंगवणारी माणसं. बाहेरच्याला सरळ दिसावं म्हणून आत उभं राहून उलटं काढायचं, यात आमचा जन्म गेला. नकाशा मी सरळ काढला होता, पण वाचायला आम्ही तिघंही सवयीने काचेच्या मागे जाऊन उभे राहिलो होतो. तिघांनी तपासलं खरं, पण तिघंही एकाच दुकानातले. दारात उभी राहून सरळ बघणारी एकटी आई होती, आणि तिला आम्ही हसून घालवलं होतं. 

"चुकलं," मी म्हणाले. "छत्री डावीकडे आहे."

काकांनी पट्टा सोडला आणि उभे राहिले. समोर तोंड करून बसलेल्या सेविकेने अशा आवाजात बसा म्हटलं की पुढच्या रांगेतले दोघं जण बसलेले असूनही आणखी बसले. काका बसले. इंजिनांचा आवाज वाढला. मी हात लांब करून बाईंच्या पर्सवर थापा मारायला लागले, मग पर्स सरकली तेव्हा त्यांच्या दंडावर. त्यांनी एक डोळा उघडला. मी काय बोलले ते नीट आठवत नाही. झडप, छप्पर, छत्री, बाबा, काका, बावीस वर्षं, असे शब्द होते आणि क्रम नव्हता. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझ्यामागून माना लांबवलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे बघितलं, आणि कोणत्याही दवाखान्यात सकाळी अकराला असतो तसा चेहरा करून झडप वर केली.

"नक्की काय बघायचं?" त्यांनी विचारलं.

"दोन्ही बाजू जुळतात का ते," बाबा म्हणाले. 

"तेच तर रोज बघते," बाई म्हणाल्या आणि कपाळ काचेला टेकवलं.

मी माझा फोन त्यांच्याकडे फेकला, फोटो काढा म्हणून. तो पर्समधे पडला आणि पर्स मिटली. विमान पळत सुटलं. सीट थरथरायला लागली, बाबांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की दुसऱ्या दिवसापर्यंत बोटं उमटून होती. मग खालचं काहीतरी सुटलं आणि आम्ही वर होतो. मी हसत सुटले. काही केल्या थांबेना. आमच्या खिडकीत नदी खाली खाली जात होती, फार सुंदर होती असं लोक सांगतात, आम्ही तिच्याकडे पाठ करून बसलो होतो.

"कुंपण," बाई म्हणाल्या. "पाण्याची टाकी. पत्र्याचं छप्पर. अरे वा."

"काय अरे वा?"

"केवढी आहे." मग त्यांनी डोकं काचेवरच थोडं फिरवलं, जसं आपण आ करून पडलेलो असताना दातांचे डॉक्टर करतात तसं. आजूबाजूच्या चार रांगा आता आमच्याकडे बघत होत्या. "जुळतात," त्या म्हणाल्या. "अगदी जुळतात. मधे फट नाही, खालीवर नाही."

बाबांचा जीव भांड्यात पडला. तो पडताना मी ऐकला, म्हणजे त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला.

"फक्त छत्री जरा वेगळी आहे," बाई पुढे म्हणाल्या. "कडा वर उचलल्यात. वाऱ्याने उलटी व्हायला आलेली छत्री असते ना, तशी. पण दोन्हीकडे तेवढीच उचललीय. एकाच हाताने काढल्यासारखी." मग त्या सरळ बसल्या. "गेली. ढग आला."

दोन रांगा पुढे कुणीतरी टाळी वाजवली आणि दहा-बारा जणांनी कशासाठी ते न विचारता साथ दिली. मीसुद्धा वाजवली. बाबांनी नाही. ते कपाळाला आठ्या घालून, बोटाने गुडघ्यावर काहीतरी काढत होते. एक कड त्यांनी काढली, वर वळलेली. ही त्यांची. मग दुसऱ्या बाजूची कड काढायला बोट नेलं आणि तिथेच थांबलं. मापाची कड खाली झुकते. काकांनी मापात काढली होती. मग ती वर कशी?

बाबा सीटमधे मागे वळले. दोन खुर्च्यांच्या फटीतून काकांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती.

"दादा," बाबा म्हणाले, "माझी चिठ्ठी उडाली होती. मी खोटं बोललो."

"माहीत आहे," काका म्हणाले. "त्याच संध्याकाळी खाली पन्हळीत सापडली."

इंजिनांचा आवाज इतका होता की त्यांना जवळजवळ ओरडून बोलावं लागत होतं, त्यामुळे पुढचं सगळं अर्ध्या विमानाने ऐकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे काका एकटेच छपरावर गेले होते. बाबांची बाजू कडक वाळली होती, त्यांनी घाईत पातळ रंग मारला होता. काकांची अजून ओली होती. काकांनी कण्यावर बसून बाबांची कड पाहिली, वर उचललेली. मग स्वतःची मापातली कड रॉकेलने पुसली आणि कण्यावरून वीस वेळा येऊन जाऊन, बाबांची बघून बघून, तशीच वर उचललेली काढली. आयुष्यात तेवढी एकच रेघ त्यांनी मापाशिवाय मारली होती. ती जमली की नाही हे त्यांनाही बावीस वर्षं कळायला मार्ग नव्हता.

"मापातली पुसलीस?" बाबा म्हणाले. "बरोबर होती ती."

"बरोबर होती," काका म्हणाले. "पण अर्धीच होती ना."

बाबांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते हसतही होते, दोन्ही एकदम. मी त्यांना विमानातला कागदी रुमाल दिला. तो उलटीची पिशवी निघाला, आणि बाबांनी त्यानेच डोळे पुसले.

"मग बावीस वर्षं बोलला का नाहीस?" त्यांनी विचारलं.

"तू सांगशील म्हणून थांबलो होतो," काका म्हणाले. "गिऱ्हाइकांसमोर एवढी आठवण करून देत होतो."

वरचा पट्ट्याचा दिवा विझला. विझण्याच्या जरा आधीच बाबा माझे गुडघे ओलांडून गेले आणि मागे काकांच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसले. दातांच्या डॉक्टरांनी पर्समधून माझा फोन काढून दिला आणि दोघांपैकी मोठे कोण, असं हळूच विचारलं. मी मागे वळून पाहिलं. दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं आपटून आपटून हसत होते, खिडकीत ढग मोकळे झाले होते, आणि बाहेर बघायचं दोघांच्याही ध्यानात नव्हतं.